पहिला हात

आमच्या आत्यासमोर 'कष्ट' हा शब्द काढायची सोय नव्हती. कुणी सहज म्हणालं, "फार कष्ट काढलेत हो तुम्ही," की ती त्या माणसाकडे अशी बघायची की त्याचं पुढचं वाक्य घशातच राहायचं. मग शांतपणे म्हणायची, "मी नुसतं घासते. कष्ट आमचे भाऊजी करतात, त्यांना विचारा." आणि वर हसायची. ते हसणं बघून मला लहानपणापासून धडकी भरत आलेली आहे.

भाऊजी म्हणजे तिचा धाकटा दीर, आतोबांचा सख्खा भाऊ, फर्निचरच्या कारखान्याचा मालक. सगळे त्याला शेठ म्हणत. आत्या तोंडावर भाऊजी म्हणायची आणि पाठीमागे परीटघडी. ज्या जागेत नुसता श्वास घेतला तरी नाकात लाकडाची भुकटी जाते, तिथे हा माणूस दिवसभर बसायचा आणि संध्याकाळी सदऱ्याची घडी न मोडता घरी जायचा. हे जमवायलाही अंगी कसब लागतं, मी नाही म्हणत नाही.

कारखान्याचे तीन भाग होते. रस्त्याच्या बाजूला काचेचं दालन, तिथे तयार खुर्च्या-टेबलं आणि शेठचं बसणं. मधे सुतारांची मोठी खोली, करवती आणि रंध्यांच्या आवाजानं भरलेली. सगळ्यात मागे आत्याची खोली. तिथे एक खिडकी होती, ती भुकटीनं इतकी बुजलेली की उघडायची तर आधी खरवडायला लागायची. आत्या जमिनीवर किंवा बुटक्या स्टुलावर बसून, तोंडाला फडकं बांधून, हातात पॉलिश पेपर घेऊन घासत असायची. जाड पेपर, मग मध्यम, मग बारीक. सुतारानं दिलेलं खरबरीत लाकूड तिच्या हाताखालून गेल्याशिवाय त्याला रंग लागत नसे. दालनात पाटी होती, 'संपूर्ण हाताने घडवलेले'. त्यामुळे घासायचं यंत्र त्या कारखान्यात कधी आलंच नाही. यंत्र आणलं असतं तर पाटी काढावी लागली असती, आणि वहिनी होतीच.

कारखाना काढला आतोबांनी. सुतारकामही त्यांचं, पॉलिशही त्यांचं. आत्या लग्न होऊन आली ती थेट घासायलाच बसली. अंगठी पेपरला अडकते म्हणून तिनं बोटातून काढून ठेवली, ती परत घातलीच नाही. पण ते दिवस तिला आवडायचे. आतोबांनी एक पद्धत पाडली होती. मोठं काम घासून तयार झालं की सगळे हातातलं काम थांबवायचे, गिऱ्हाइकाला बोलवायचं, आणि ज्यानं ते काम केलं त्यानं रंगाचा पहिला हात मारायचा. कोरडं, फिकट लाकूड ओलं होतं आणि आतल्या रेषा एकदम जाग्या होतात. याला कारखान्यात 'पहिला हात' म्हणायचे. आतोबा फडकं रंगात बुडवायचे, अर्ध्या टेबलावर फिरवायचे आणि उरलेल्या अर्ध्यासाठी ते आत्याच्या हातात द्यायचे. गिऱ्हाइकांना त्यात काही वावगं वाटायचं नाही.

आतोबा छातीच्या दुखण्यानं गेले. त्यांच्या फुप्फुसात काय साठलं होतं ते डॉक्टरांना विचारायची गरज नव्हती, खिडकीकडे बघितलं तरी कळत होतं. धाकटा भाऊ तेव्हा एका कापडाच्या दुकानात विक्रीला होता. "वहिनी, काळजी करू नका, घरचंच आहे," म्हणत तो आला, काचेच्या दालनात खुर्चीवर बसला, आणि उठलाच नाही. आयत्या बिळावर नागोबा. आत्याला मूलबाळ नव्हतं, भांडायला कुणी नव्हतं, आणि मागच्या खोलीतलं काम तिच्याशिवाय कुणाला येत नव्हतं. सुतारांचा आपला एक ताठा असतो. त्यांचं काम रंध्यापर्यंत, पेपरला ते हात लावत नाहीत. तेव्हा आत्या मागे राहिली आणि दीर पुढे.

हेही तिनं गिळलं असतं. पण दालन आणि कारखाना यांच्यामधली भिंत पातळ होती. दुपारी सुतार जेवायला गेले की शेठचा आवाज थेट मागच्या खोलीत यायचा. "दादा गेले तेव्हा काय होतं हो इथं? चार फळ्या आणि एक करवत. कष्ट केले. काबाडकष्ट केले. या हातांनी उभं केलंय हे सगळं." गिऱ्हाईक "वा वा" करायचं. पहिला हातही आता शेठच मारायचा. बाह्या हळूच दुमडून, फडकं दोन बोटांत धरून. मग टाळ्या. आत्या दारात उभी राहून बघायची, फडकं कधी तिच्यापर्यंत यायचं नाही.

दुसरं कुणी असतं तर कडाकडा भांडलं असतं. आत्या भांडली नाही. तिनं डूख धरला. ती त्याच्या बायकोशी गोड बोलायची, त्याच्या पोरांना जवळ घ्यायची, त्याला चहा नेऊन द्यायची, आणि ताकास तूर लागू द्यायची नाही. मी शाळेत भाषा शिकवते. शाळा सुटली की तिला घेऊन घरी जाण्यासाठी कारखान्यात डोकवायचे, म्हणून मला माहीत. वाटेत चालताना ती त्याचा तो दिवसभराचा एकेक शब्द मला परत म्हणून दाखवायची, त्याच आवाजात. ऐकून माझंही रक्त तापायचं. आमच्या घरात हा स्वभाव बायकांकडून बायकांकडेच येतो.

एकदा तिनं मला विचारलं, "तू पोरांना शब्द शिकवतेस ना? मग मला सांग, कष्ट म्हणजे काय?"

"म्हणजे मेहनत," मी म्हटलं.

"ते मलाही कळतं. आला कुठून तो? भाऊजींच्या बापजाद्यांचा आहे का, एवढे हक्कानं वापरतात ते?"

मी शाळेतल्या जुन्या कोशांत बघितलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या स्टुलाशेजारी पेटीवर बसून सांगितलं. आपल्याकडे या कामासाठी शब्दांना तोटा नाही. माणूस राबतो, मरमर करतो, हाडाची काडं करतो, खपतो. खपणं तर बघ, कामात माणूस खपतो, बाजारात माल खपतो, आणि शेवटी माणूसच खपला म्हणतात. आत्या म्हणाली, "तुझे आतोबा या सगळ्या अर्थांनी खपले." मग मी काबाड सांगितलं. काबाड म्हणजे रानातून वाहून आणलेलं लाकडाचं, गवताचं ओझं, आणि काबाडी म्हणजे ते वाहणारा.

"लाकडाचं ओझं?" आत्या म्हणाली. "आणि हा मेला कधी खुर्ची तरी उचलून ठेवतो का? गिऱ्हाइकाला बसायला देतानासुद्धा हाक मारतो कुणाला तरी. बरं, आणि कष्ट?"

"तो संस्कृतातून आलाय. मूळ धातू कष् असावा, असं म्हणतात. त्याचा अर्थ घासणं, खरवडणं, इजा करणं. सोनं घासून बघायच्या दगडाला निकष म्हणतात, तोही त्यातलाच."

आत्याचा हात थांबला. काम करताना तिचा हात थांबलेला मी कधी बघितला नव्हता.

"घासणं?"

"बहुधा. पंडितांनी तिथे बहुधा लावून ठेवलंय."

"लावू दे त्यांना बहुधा. ज्या कुणी तो शब्द केला, त्यानं आधी दिवसभर घासून बघितलं असणार, आणि संध्याकाळी मनगट शेकत बसला असणार." तिनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. भुकटीनं पांढऱ्या झालेल्या तिच्या चेहऱ्यावर नाकाखालचा भाग तेवढा स्वच्छ होता. "म्हणजे इतकी वर्षं हा माणूस माझाच शब्द माझ्या भिंतीपलीकडे बसून विकतोय."



पुढे लवकरच फर्निचरवाल्यांच्या संघटनेनं शेठला 'श्रमगौरव' द्यायचं ठरवलं. हाताला घट्टा नसलेल्या माणसाला श्रमगौरव! शेठ हरखून गेला आणि त्यानं संघटनेच्या सभागृहाला एक लांबलचक टेबल भेट द्यायचं जाहीर केलं. समारंभ त्याच टेबलामागे बसून व्हायचा होता. सुतारांनी टेबल जोडलं, आणि घासायला ते आत्याकडे आलं.

आत्या आपणहून काचेच्या दालनात गेली. ती तिथे सहसा जात नसे, कारण तिच्या पावलांचे ठसे फरशीवर उमटतात म्हणून शेठची कुरकुर असायची. मी तिला न्यायला आले होते, दारातच उभी होते.

"भाऊजी," ती म्हणाली, "समारंभात बोलाल तेव्हा एक वाक्य बोला. टेबल वहिनींनी घासलं, एवढंच. दुसरं काही नको मला."

हे अगदी खरं होतं. तिला कारखान्यात वाटा नको होता, शाल नको होती, खुर्ची नको होती. चारचौघांत एकदा कुणी म्हणावं की हे हिनं केलं, एवढं तिला हवं होतं, आणि त्यासाठी तिनं त्याच्यापुढे तोंड वेंगाडलं होतं. मला ते बघवलं नाही.

शेठ हसला. वाईट हसला असता तरी चाललं असतं. तो प्रेमानं हसला. "अहो वहिनी, घासणं हे काय सांगायचं काम आहे का? ते कुणीही करतं. लोक हसतील आपल्याला."

"बरं," आत्या म्हणाली, आणि मागे गेली.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा तिनं टेबलाचा वरचा भाग घासायला घेतला होता, आणि तिचा हात रेषांना आडवा चालला होता. मला सुतारकाम येत नाही, पण एवढं मलाही ठाऊक होतं की पेपर नेहमी लाकडाच्या रेषांच्या अंगानं चालवायचा. आडवा चालवला तर लाकडावर ओरखडे पडतात. गंमत अशी, की वरून बारीक पेपर सरळ फिरवला तर ते कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. रंग लागला की मात्र तो ओरखड्यांत शिरतो आणि एकूण एक ओरखडा काळा होऊन वर येतो.

"आत्या, आडवं?"

"कुणीही करतं ना? मग कुणीतरी केलं."

जाड पेपरनं तिनं सगळं टेबल आडवं खरवडून काढलं. इतक्या चवीनं काम करताना मी तिला आतोबांच्या वेळेसही पाहिलं नसेल. मग बारीक पेपर सरळ फिरवला, फडक्यानं पुसून घेतलं, आणि तळहात फिरवून बघितला. टेबल गुळगुळीत लागत होतं.

पहिल्या हाताला संघटनेची माणसं आली. अध्यक्ष लाकडाच्या वखारीचे मालक होते, म्हातारे, हयात लाकडात गेलेले. सुतार करवती ठेवून बाहेर आले. चहा झाला. शेठनं टेबलावर हात ठेवून नेहमीचं सुरू केलं, "कष्टाशिवाय काही नाही हो. हे टेबल म्हणजे माझा घाम आहे, घाम." मग बाह्या दुमडल्या, फडकं दोन बोटांत घेतलं, रंगात बुडवलं आणि ऐटीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढलं.

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. फडकं जिथून गेलं तिथून टेबलावर आडवे, काळे ओरखडे उमटत गेले, मांजरांची टोळी नाचून गेल्यासारखे. शेठला वाटलं रंग कमी पडला, म्हणून त्यानं आणखी फिरवला, आणि आणखी ओरखडे आले. एक सुतार खोकला. मी आत्याकडे बघितलं. ती दारात उभी होती, चेहरा कोरा.

"रंगच खराब दिलाय मेल्यांनी," शेठ म्हणाला.

अध्यक्षांनी वाकून बघितलं. वखारीत केस पांढरे केलेल्या माणसाला तिथे काय झालंय हे सांगावं लागत नाही. ते मिशीत हसले. "रंगाचं काय नाही, शेठ. खालपर्यंत पुन्हा घासावं लागेल. पण तुम्हाला काय, कष्टाची सवयच." आणि मंडळी परवाच्या समारंभाची आठवण करून देऊन निघून गेली.

काचेचं दार लागतं न लागतं तोच शेठ मागच्या खोलीत आला. त्या खोलीत तो किती वर्षांनी आला होता कोण जाणे, दारात त्याला वाकायचं लक्षात राहिलं नाही आणि कपाळ आपटलं.

"वहिनी, काय केलंत हे?"

"मी?" आत्या म्हणाली. "घासणं तर कुणीही करतं, भाऊजी. कुणी केलं असेल ते मी कसं सांगू?"

"परत करून द्या. आत्ताच्या आत्ता."

आत्यानं मनगट पुढे केलं. ते सुजलेलं होतं, पण ते तर कायमच सुजलेलं असायचं, कुणी बघितलं नव्हतं एवढंच. "हात चालत नाही माझा."

तो सुतारांकडे वळला. सुतार एकमेकांकडे बघायला लागले. सगळ्यात जुना सुतार म्हणाला, "शेठ, आमचं काम रंध्यापर्यंत." ते आत्याच्या बाजूनं बोलताहेत असं मला आधी वाटलं, पण नाही, त्यांना खरोखरच पेपरला हात लावायचा नव्हता. यंत्र नव्हतं. बाहेरचा माणूस आणावा तर संघटनेतच बभ्रा झाला असता. शेवटी आत्यानंच स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बसा. मी सांगते, तुम्ही घासा."

आणि परीटघडी घासायला बसला. आधी जाड पेपर, लागलेला सगळा रंग निघेपर्यंत. पहिल्या टोकाचं निम्मं व्हायच्या आत त्यानं पेपर या हातातून त्या हातात घेतला. मग हात झटकला. मग बोटं तोंडाजवळ नेऊन फुंकली. आत्या समोर पेटीवर बसून चहा पीत होती. "रेषेच्या अंगानं, भाऊजी. जोर मनगटातून नाही, खांद्यातून. श्वास नाकानं घ्या. तोंड बंद ठेवा, तेवढीच विश्रांती." सुतार पाणी प्यायच्या निमित्तानं पाळीपाळीनं दारातून जात होते, त्यांना त्या दिवशी फार तहान लागली. दुसऱ्या दिवशीही तो आला. हाताला रुमाल बांधून आला, कारण फोड फुटले होते. मध्यम पेपर, मग बारीक. संध्याकाळच्या सुमारास त्यानं मान वर करून, अगदी पोरासारख्या आवाजात विचारलं, "झालं का, वहिनी?"

आत्यानं टेबलाच्या एका भागावर तळहात फिरवला. डोळे मिटून, सावकाश. "नाही. हे आडवं गेलंय. पुन्हा."

तो पुन्हा वाकला. अंगात त्राण नव्हतं, डोळ्यांत भुकटी गेली होती, आणि खरं की खोटं ते विचारायची त्याची ताकद उरली नव्हती. घरी येताना मी विचारलं, "कुठे आडवं गेलं होतं?"

"कुठेच नाही," आत्या म्हणाली. "तेवढा भाग मेल्यानं चांगला घासला होता."

तिला त्याची कीव आली असेल, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं ती माझ्या आत्याकडे शोधू नये. मलाही आली नाही. आम्ही दोघी त्या रात्री शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समारंभाला सभागृह भरलेलं होतं. टेबल वर मांडलं होतं, त्याला रंग आणि पॉलिश कसंबसं वेळेत झालं होतं. दुरून बरं दिसत होतं. जवळून बघितलं तर एका कोपऱ्यात थकलेला हात कळत होता. शेठ नव्या कपड्यांत होता, पण रुमाल बांधलेला हात मांडीवर, दुसऱ्या हाताखाली लपवलेला. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो होतो. अध्यक्ष बोलायला उभे राहिले तेव्हा सवयीनं त्यांचा हात टेबलावर फिरला, आणि त्या कोपऱ्यापाशी थांबला.

"शेठ, इथं जरा राहिलंय का हो?" त्यांनी थट्टेनं विचारलं. लोक हसले.

शेठनं माईक जवळ ओढला. "काय सांगू," तो हसत म्हणाला, "हे टेबल आमच्या वहिनींनी घासलंय. वय झालं आता, हात पूर्वीसारखा चालत नाही. घरचं माणूस, बोलणार तरी काय?"

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. जे वाक्य तिला मागूनही मिळालं नव्हतं, ते आता मिळालं होतं, शब्दाला शब्द, माईकवरून. त्याच्या हातच्या खराब कामासाठी. माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. मी उठणार तेवढ्यात आत्यानं माझा गुडघा दाबला आणि ती स्वतः उठली.

ती वर गेली नाही, माईकही मागितला नाही. करवतींच्या आवाजावरून बोलायची सवय असलेल्या बाईला माईक लागत नाही.

"भाऊजी चुकून बोलले," ती म्हणाली. "हे टेबल मी नाही घासलं. हे त्यांनी घासलंय, स्वतःच्या हातानं. रुमाल सोडून हात दाखवतील ते. आमच्या कारखान्यातली तुमच्या घरात जी कपाटं आहेत, पलंग आहेत, टेबलं आहेत, ती सगळी मी घासलीत. शेठचं हे एवढं एकच. या, हात लावून बघा. घरी गेल्यावर आपापल्या टेबलाला लावून बघा."

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी शेठचा हात धरून टेबलावर उताणा ठेवला आणि रुमाल सोडला. मग खालच्या रांगेतला एकजण उठून वर गेला, त्यानं कोपऱ्यावर तळहात फिरवला, आणि त्याच्या मागून दुसरा गेला. बघता बघता रांग लागली. शेठ हात उताणा ठेवून तसाच बसून होता, आणि येणारा प्रत्येक जण आधी टेबलाला हात लावत होता, मग त्याच्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "चल आत्या, निघू या आता."

ती खाली बसली, पाय लांब केले. "थांब ग," ती म्हणाली. "सगळ्यांचा हात फिरू दे."